नग एक

डॉक्टरनं गोळ्यांच्या वर चाळीस मिनिटं चालणं लिहून दिलं.
शिवकन्या म्हणाली, धोतरावर नका जाऊ मामा, लोक बगायलेत.
नातवाची ट्रॅकपँट काढून दिली,
निळी, बाजूनं पांढऱ्या रेघा,
आणि पाठीवर ‘जिल्हास्तरीय खो-खो’ लिहिलेला टी-शर्ट.
वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी
परभणी जिल्ह्याकडून मी मैदानात.

सगळं बसलं अंगाला. फक्त
खिसा नव्हता.

बंडीला चार होते. तंबाखू, सुतळी, सुट्टे पैसे,
आणि बरगडीला लागून डोळा भरायचा चाकू.
शिंगाची मूठ. पातं घासून घासून पोटात गेलेलं.
मागच्या टोकाला साल उचलायची हाडाची जीभ.
विद्यापीठाच्या रोपवाटिकेत एकतीस वर्षं
जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा:
आडवा काप, उभा काप, जीभ सरकवायची,
साल सुटली की आतलं ओलं, गुळगुळीत,
बाळाच्या हिरडीसारखं.

आधी नाडीला अडकवला.
शंभर पावलांत विजार एका अंगानं उतरली.
मोज्यात घातला, घोटा रात्रभर ठणकला.
रुमालात गुंडाळून पोटाशी खोवला,
तर वाकल्याबरोबर पायातून घरंगळत बुटावर आला.
म्हातारं व्यायलं जणू,
बाकावरचे दोन मास्तर हसले.

मग सरळ मुठीत घेतला. मिटलेला.
समोरून येणाऱ्या बायकांनी रस्ता बदलला.
कुंटूरकर सर, ज्यांच्या अंगणातलं लिंबू मीच बांधलेलं,
नमस्कार घेऊन जरा लांबूनच गेले.
अंगावर खाकी होती तोवर हे लोखंड माळ्याचं होतं.
बंडीत होतं तेव्हा म्हाताऱ्याचं.
आता पांढऱ्या रेघा, पायात पळायचे बूट:
असा माणूस चाकू घेऊन
कशाच्या मागं लागलाय, का कशापासून पळायलाय,
हे कोण विचारणार.

गेटवरच्या पोरानं विचारलं.
मुंजाजी नाव, पूर्णेकडचा.
“काका, खिशात काय हाय?”
म्हणलं, खिसाच नाही रे बाबा.
“मग हातात?”
उघडून दाखवला. तो एक पाऊल मागं सरला.
“आत न्यायचा नाई. साहेबायचा नियम हाय.”
सांगणार होतो की आत उजव्या हाताला जी रांग दिसते
तिच्यातलं एकेक झाड या पात्यानं...
नाही सांगितलं. पाठीवर खो-खो घेऊन
कसा दिसलो असतो.
टेबलावर ठेवला. वहीत त्यानं लिहिलं:
वस्तू चाकू, नग एक. मी सही केली.

तिसऱ्या रांगेत, सहाव्या झाडाला
डोळ्याच्या खालून खुंट फुटलेला.
हातभर, काटेरी, लई हिरवा.
वीस-बावीस वर्षं मोसंबीला खांद्यावर घेऊन
एखाद्या उन्हाळ्यात जंबेरीला वाटतं,
आपलंबी नाव असावं.
नखानं ओरबाडला. पिरगाळला. काटा तळव्यात गेला.
निघाला, पण सालीची लांब दोरी
खोडाला लोंबत राहिली.
हाताखालच्या पोरानं असं काम केलं असतं
तर दिवसभर बोललो नसतो त्याच्याशी.

परत आलो तर मुंजाजी माझ्या चाकूनं
पेरू कापायला बसलेला. कागदावर मीठ.
“काका, धार कुठं लावता?”
एक फाक पुढं केली. डॉक्टरनं नाही म्हणलेली. घेतली.
“ड्युटी कधी सुटती?”
“ही काय, सातला.”
“मग चल तिसऱ्या रांगेत. एक काम राहिलंय.
चाकू तूच घे.
तुझ्या पँटीला खिसा हाय.”